राजीनामा मागणाऱ्यांना कायद्याने उत्तर द्या!

पगार थकवायचा. दोन-तीन महिने कामगाराला उधारीत आणि कर्जात बुडू द्यायचे. तो रडकुंडीला आला की त्याच्यापुढे कोरा कागद सरकवायचा आणि म्हणायचे, "राजीनामा लिहून दे, मग तुझा हिशेब करून टाकू." मुंबईच्या उपनगरांत मालकवर्गाची ही ठरलेली पद्धत होऊन बसली आहे. अंधेरीच्या एमआयडीसीतील कारखाने असोत, साकीनाक्याचे गाळे असोत, बोरिवलीची दुकाने आणि कार्यालये असोत, की घाटकोपर-मुलुंडच्या मॉलमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली राबणारे सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार असोत, तक्रार एकच. पगार नाही आणि वर राजीनाम्याची सक्ती. आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांपैकी बहुतेक जण सही करून झाल्यावर येतात. सही करण्यापूर्वी येणारे थोडेच. हा लेख त्या सहीच्या आधी वाचला जावा, एवढ्याचसाठी आम्ही लिहीत आहोत.

पहिला प्रश्न असा की, मालकाला राजीनामाच का हवा असतो? कामगार नको असेल तर त्याने सरळ काढून टाकावे. पण तो तसे करत नाही, कारण काढून टाकायला पैसे लागतात आणि राजीनाम्याला लागत नाहीत. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. शिवाय पुनर्कौशल्य निधीपोटी शेवटच्या पगारातील पंधरा दिवसांची रक्कम भरावी लागते आणि ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जावी लागते. शेवटी आलेला आधी जाईल, हा नियम पाळावा लागतो. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी संधी द्यावी लागते. राजीनामा मिळाला की यातले काहीच करावे लागत नाही!

आकड्यांत सांगतो. दहा वर्षे नोकरी झालेल्या आणि महिना 18 हजार रुपये वेतन असलेल्या कामगाराची कपात केली तर भरपाईचे सुमारे 90 हजार, नोटिशीचे 18 हजार आणि निधीचे सुमारे 9 हजार, म्हणजे एकूण सुमारे 1 लाख 17 हजार रुपये मालकाला मोजावे लागतात. कामगाराच्या एका सहीने ही सगळी रक्कम मालकाच्या खिशात राहते. ग्रॅच्युईटी वेगळी. ती पाच वर्षे पूर्ण झालेल्याला राजीनामा दिला तरी मिळतेच. या उदाहरणात ती 1 लाख 3 हजार 846 रुपये होते. पण पुष्कळ ठिकाणी राजीनाम्याच्या मजकुरातच 'माझे कंपनीकडे काहीही येणे बाकी नाही' असे वाक्य घुसवलेले असते. म्हणजे सव्वा लाखावर पाणी सोडायचे आणि वरून ग्रॅच्युईटीसाठीही भांडत बसायचे. ज्या कागदाची किंमत मालकाला सव्वा लाख रुपये आहे, तो कागद आपण फुकट लिहून का द्यावा, हा विचार प्रत्येकाने सही करण्यापूर्वी करावा.

जेट एअरवेजचा धडा

हे फक्त लहान गाळ्यांत आणि ठेकेदारांकडे घडते, असा कोणाचा समज असेल तर त्याने आपल्याच अंधेरीकडे पाहावे. सहार विमानतळ मार्गावर मुख्य कचेरी असलेली जेट एअरवेज ही एके काळी देशातील सर्वात मोठ्या खासगी विमान कंपन्यांपैकी एक होती. 1993 साली तिची उड्डाणे सुरू झाली. शंभराहून अधिक विमाने तिच्याकडे होती. 2018 च्या उत्तरार्धापासून वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ अधिकारी यांचे पगार लांबू लागले. 2019 च्या मार्चचा पगार तर सर्वांचाच अडकला. 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान हे तिचे शेवटचे उड्डाण ठरले. हजारो कुटुंबे एका रात्रीत उघड्यावर पडली. त्यांत टाय लावलेले वैमानिक होते, तसेच सामान चढवणारे लोडर, तंत्रज्ञ आणि सफाई करणारेही होते. ज्यांना दुसरीकडे नोकरी मिळाली त्यांनी निमूटपणे राजीनामे दिले. ज्यांना मिळाली नाही ते वाट पाहत राहिले.

20 जून 2019 रोजी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जून 2021 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने जालान-कालरॉक यांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. बँकांचे, पुरवठादारांचे, सरकारचे येणे मोठे. त्या गर्दीत कामगाराच्या वाट्याला जे आले ते येणे असलेल्या रकमेच्या मानाने नगण्य होते. अशा वेळी पुष्कळांनी नशिबाला दोष दिला असता. पण कामगारांच्या संघटनांनी अपील केले. 21 ऑक्टोबर 2022 रोजी अपिलीय न्यायाधिकरणाने दिवाळखोरीच्या तारखेपर्यंतचा न भरलेला भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युईटी पूर्ण द्या, असा निकाल दिला. 30 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. पुढे ती योजनाच अमलात आली नाही, आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला.

या प्रकरणातून आम्ही तीन गोष्टी शिकण्यासारख्या मानतो. पहिली, कंपनी कितीही मोठी असो, पगार चुकायला लागला की तो धोक्याचा इशारा समजावा. 'पुढच्या महिन्यात सगळे देऊ' या शब्दावर सहा महिने काढू नयेत. दुसरी, भविष्य निर्वाह निधी, पेन्शन आणि ग्रॅच्युईटी यांच्या निधीतील पैसा बुडालेल्या कंपनीची मालमत्ता धरला जात नाही. तो कामगाराचाच आहे. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट ही की, जे मिळाले ते संघटना करून अपिलात गेलेल्यांमुळे मिळाले. एकटा कामगार विमान कंपनीशी आणि बँकांच्या फौजेशी लढू शकत नाही.

कंपनी दिवाळखोरीत गेली की तिच्याविरुद्ध नवे दावे करता येत नाहीत आणि चालू असलेले थांबतात. म्हणून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली की ठरलेल्या मुदतीत आपला दावा पुराव्यासह दाखल करणे अत्यावश्यक आहे. अवसायनात कामगारांचे आधीच्या 24 महिन्यांचे येणे तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरले जाते. इतर कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचे येणे त्यानंतर लागते. दावा न करणाऱ्याला मात्र कोणतीच रांग नाही. कामगार संघटना स्वतः मालकाविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करू शकते, हेही सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2019 रोजी एका ज्यूट गिरणीच्या कामगारांच्या प्रकरणात मान्य केले आहे. पण मार्च 2020 मध्ये सरकारने या अर्जासाठी लागणाऱ्या थकबाकीची किमान मर्यादा 1 लाखावरून 1 कोटी रुपयांवर नेली. लहान कारखान्यातल्या वीस-पंचवीस कामगारांची थकबाकी एक कोटी कधी व्हायची? दार दाखवायचे आणि उंबरठा छातीएवढा करून ठेवायचा, असा हा प्रकार आहे.

थकलेल्या पगारासाठी कुठे जावे?

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. 1936 चा पगार वाटप कायदा आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा यांची जागा आता त्यांनी घेतली आहे. या संहितांविषयी आमचे मत चांगले नाही, ते पुढे सांगूच. पण वेतन संहितेत कामगाराच्या हाती येण्याजोगी काही हत्यारे आहेत, ती न वापरणे हा शहाणपणा नाही.

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. नोकरीवरून काढले, कपात केली, राजीनामा दिला किंवा आस्थापना बंद पडली, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा पगार चुकता झाला पाहिजे. 'फुल अँड फायनल' साठी 45 दिवस थांबा, तीन महिने थांबा, असे जे सांगितले जाते, त्याला पगारापुरता कायद्याचा आधार नाही. ग्रॅच्युईटी तीस दिवसांत मिळाली पाहिजे.

जुन्या पगार वाटप कायद्याला पगाराची मर्यादा होती. 2017 पासून ती महिना 24 हजार रुपये होती आणि त्यापुढच्या पगारदाराला त्या कायद्याखाली जाताच येत नव्हते. नव्या संहितेत ही मर्यादा नाही. पर्यवेक्षक असो, व्यवस्थापक असो, कचेरीतला अधिकारी असो, पगार थकला तर त्यालाही दाद मागता येते. संगणक कंपन्यांत आणि कॉल सेंटरांत काम करणाऱ्या आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे नीट लक्षात घ्यावे. 'आम्ही काय कामगार आहोत का?' असे म्हणून युनियनपासून चार हात दूर राहणारी ही पिढी पगार थकल्यावर अगदी एकटी पडते, हे आम्ही वारंवार पाहतो.

दाव्याची मुदत तीन वर्षे आहे. संहिता लागू होण्यापूर्वीच्या थकबाकीसाठी मात्र या तीन वर्षांच्या भरवशावर बसू नये. जुन्या कायद्यात मुदत बाराच महिने होती, म्हणून वेळ न घालवता अर्ज करावा. अर्ज कर्मचारी स्वतः करू शकतो, त्याची नोंदणीकृत युनियन करू शकते, किंवा निरीक्षक करू शकतो. एकाच आस्थापनेतील अनेकांनी मिळून एकच अर्ज केला तरी चालतो. प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटीपर्यंत नुकसानभरपाई देण्याचा त्याला अधिकार आहे. मालकाने तरीही दिले नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसुली होते. आणि पगार दिला की नाही, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, कामगारावर नाही.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांसाठी एक खास तरतूद आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्या आस्थापनेत तुम्ही प्रत्यक्ष राबता त्या आस्थापनेचा मालक पगाराला जबाबदार ठरतो. 'तुमचा ठेकेदार पळून गेला, आम्ही काय करणार?' असे मॉलचा किंवा रुग्णालयाचा व्यवस्थापक म्हणाला, तर अर्जात त्याच्या आस्थापनेचेही नाव घालावे.

उपनगरांतील बहुतेक खासगी आस्थापनांसाठी राज्य सरकारच्या कामगार आयुक्तांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवनात आहे. विमान वाहतूक, बँका, विमा, रेल्वे, बंदरे हे मात्र केंद्राच्या अखत्यारीत येतात. त्यांच्यासाठी केंद्रीय कामगार आयुक्तांची यंत्रणा वेगळी आहे. चुकीच्या कचेरीत सहा महिने खेटे घालणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. आणि 'नव्या संहितेचे अजून नक्की नाही, नंतर या' असे कोणी सांगितले तर अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये. संहिता नवी आली म्हणून जुन्या यंत्रणेची जबाबदारी संपत नाही, आणि मुदत मात्र आपलीच संपत असते.

भविष्य निर्वाह निधीचे पासबुक दर महिन्याला मोबाईलवर पाहावे. पगारातून कापलेला आपला हिस्सा भरलाच नाही तर तो नुसता उशीर नव्हे, तो विश्वासघाताचा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये याचा स्पष्ट उल्लेख आहे. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे लेखी तक्रार केली की चौकशी मालकाच्या हिशेबाच्या वह्यांपर्यंत जाते. पुष्कळ मालक कामगार आयुक्तांपेक्षा या चौकशीला अधिक घाबरतात.

राजीनामा मागितला तर? आणि दिला असेल तर?

राजीनामा मागितला तर तो देऊ नये, हे पहिले उत्तर. तोंडी भांडण न करता त्याच दिवशी ईमेल किंवा स्पीड पोस्टने लिहून कळवावे की, अमुक तारखेला अमुक अधिकाऱ्याने माझ्याकडे राजीनामा मागितला, मी राजीनामा दिलेला नाही व देण्याची इच्छा नाही, मी कामावर हजर आहे, माझा अमुक महिन्यांचा पगार थकला आहे तो द्यावा. एवढ्या चार ओळी पुढे न्यायालयात चार साक्षीदारांचे काम करतात. गेटवर अडवले तर त्याच दिवशी पुन्हा लिहावे. हजेरीचा पुरावा ठेवावा. घरी बसून राहू नये, नाहीतर 'हा स्वतःहून येईनासा झाला' असे म्हणायला मालक मोकळा होतो.

खोलीत कोंडून, धमकावून सही घेतली तर तो गुन्हा आहे. कोंडून ठेवण्यासाठी न्याय संहितेचे कलम 127 आणि धमकीसाठी कलम 351 आहे. पोलीस ठाण्यात तक्रार त्याच दिवशी झाली पाहिजे. महिन्यानंतर केलेल्या तक्रारीकडे न्यायालय संशयाने पाहते. 1872 च्या करार कायद्यातही धाकाने किंवा गैरवाजवी दबावाने घेतलेली संमती ज्याच्याकडून घेतली त्याला रद्द करता येते.

राजीनामा दिलाच असेल तरी सगळे संपले असे नाही. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्यापूर्वी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली गोपालचंद्र मिश्रा प्रकरणात सांगितले आणि पुढे नोकरीच्या अनेक प्रकरणांत लावले. तेव्हा नोटीस कालावधी चालू असेल तर आजच लेखी कळवून राजीनामा मागे घ्यावा आणि सक्ती कशी झाली तेही लिहावे. कंपनीच्या नियमांत वेगळी अट आहे का, ते वकिलाला दाखवावे.

सक्तीचा राजीनामा म्हणजे प्रत्यक्षात कामावरून काढणेच आहे, असे म्हणून कामगार औद्योगिक विवाद उभा करू शकतो. त्यासाठी समेट अधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. समेट साधारण 45 दिवसांत उरकायचा असतो. तो फसल्याचा अहवाल मिळाला की 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. यात एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. हा मार्ग फक्त 'कामगार' व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना 18 हजारांपेक्षा जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक त्यातून वगळले आहेत. पण नुसते पद 'मॅनेजर' किंवा 'एक्झिक्युटिव्ह' आहे म्हणून कोणी बाहेर पडत नाही. प्रत्यक्ष काम काय होते ते न्यायालय पाहते. ज्याच्या हाताखाली कोणी नाही, ज्याला कोणाची रजा मंजूर करता येत नाही, त्याला मालकाने कागदावर मॅनेजर केले म्हणून तो मॅनेजर होत नाही. जे खरोखरच वगळले जातात, त्यांना थकलेल्या पगारासाठी वेतन संहिता आणि दिवाणी न्यायालय हे दोन मार्ग उरतात.

कागद जपा, संघटना करा

मुंबई महानगरपालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांची लढाई आपल्या वाचकांना माहीत आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ती लढवली. औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 मध्ये त्यांना कायम कामगार ठरवले आणि 7 एप्रिल 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या कामगारांत आपला समाज किती मोठ्या संख्येने होता, हे सांगायची गरज नाही. जिंकल्यानंतरही नावांच्या स्पेलिंगमधील फरकांमुळे अनेकांचे काम अडून पडले. म्हणून आम्ही जिथे जाऊ तिथे सांगतो, आधार कार्डावरचे नाव, बँकेतले नाव आणि हजेरीपटावरचे नाव एक करून घ्या. नेमणूकपत्र मागा, आता प्रत्येक कर्मचाऱ्याला ते देणे मालकावर बंधनकारक आहे. पगाराची चिठ्ठी मागा. दोन्ही मिळत नसतील तर बँकेचा उतारा, ओळखपत्र, गणवेशातला फोटो, व्हॉट्सॲपवर आलेले कामाचे आदेश, सगळे जपून ठेवा आणि त्याची एक प्रत घरात दुसऱ्याच्या मोबाईलवर ठेवा. कामावरून काढताना कंपनी पहिल्यांदा ईमेल बंद करते.

वकिलाची फी परवडत नाही, हे कारण आपल्यापैकी कोणी सांगू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही केंद्रात हा दर्जा आहे. तेव्हा जातीचा दाखला घरात नुसता पेटीत ठेवण्यासाठी नाही. राजीनाम्यासाठी दबाव आणताना चारचौघांत कोणी जातीवरून अपमान केला, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम 3 लागू होते. आता उघड शिवी कमी झाली आहे आणि 'तुमच्या लोकांना काम नको असते' अशा भाषेत ती पुढे आली आहे. ही भाषा कधी, कुठे, कोणासमोर वापरली, ते लिहून ठेवावे.

आता संहितांविषयी. कारखान्यातील कामगार काढताना किंवा कारखाना बंद करताना सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा जुन्या केंद्रीय कायद्यात 100 कामगार होती, ती आता 300 झाली आहे. संपासाठी किमान 14 दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांना लागू केली आहे. म्हणजे पगार सात तारखेला मिळाला नाही तरी आठ तारखेला काम बंद ठेवले की कामगारच बेकायदा ठरणार! 7 नोव्हेंबर 1938 रोजी बाबासाहेबांनी मुंबईत असाच एक कायदा येत असताना त्याविरुद्ध लाखभर कामगारांचा संप घडवला होता. स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा त्या दिवशी डाव्यांच्या झेंड्याबरोबर गिरणगावात फडकला. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी युनियनला मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करण्याचे विधेयक आणले. जेटच्या कामगारांना अवसायनाचा निकाल मिळाला तोही 7 नोव्हेंबरलाच, 86 वर्षांनी. तारीख तीच, पण मधल्या काळात कामगाराची रस्त्यावरची ताकद किती ओसरली, हेही त्यातून दिसते.

बिनपगारी श्रम आपल्या समाजाला नवे नाहीत. महार वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांना दिवस-रात्र राबवले जात होते आणि मोबदला म्हणून भाकरतुकडा मिळत होता. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वेठबिगारीला मनाई करणारे कलम 23 आज आपल्या संविधानात आहे. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करावे लागणारे श्रम म्हणजे सक्तीचे श्रमच, असा त्या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली एशियाड स्पर्धेच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात लावला. 2003 साली बिहारच्या सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचाऱ्यांचे पगार वर्षानुवर्षे थकले, तेव्हा त्याच न्यायालयाने तो जगण्याच्या हक्काचा प्रश्न मानला आणि राज्याला पैसे भरायला लावले. तेव्हा तीन महिने फुकट राबवून घेणारा मालक आणि गावकीचे फुकट काम सांगणारा पाटील यांत आम्हाला फार फरक दिसत नाही. फरक एवढाच की आज आपल्या हातात संविधान आहे.

कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या शास्त्री मार्गावर एके काळी कारखान्यांच्या भोंग्यांवर वस्त्या जाग्या होत. त्या कारखान्यांच्या जागी आता टॉवर आणि मॉल आहेत. भोंगे गेले, युनियनच्या कचेऱ्या गेल्या, आणि त्याच वस्त्यांतली मुले आज ठेकेदाराच्या गणवेशात एकेकटी उभी आहेत. पण आपली बुद्धविहारे अजून वस्तीवस्तीत आहेत. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास कामगारांच्या प्रश्नांना द्यावा. वस्तीत एखादा वकील असेल, निवृत्त युनियन कार्यकर्ता असेल, त्याला बोलवावे. ज्याचा पगार थकला त्याने उभे राहून सांगावे. एकाच ठेकेदाराचे पाच जण एका विहारात सापडतील, आणि पाच जणांचा एक अर्ज हा पाच वेगवेगळ्या अर्जांपेक्षा जड असतो. पगार थकणे ही लाज वाटण्याची गोष्ट असेल तर ती मालकाची आहे. सात तारीख उलटली की गप्प बसू नका, आणि राजीनाम्याचा कागद पुढे आला की पेन खिशातच राहू द्या.